कालव्याकाठचा बाजार आणि आपला आनंदमेळा

आपल्या आनंदमेळ्यातील दुकानांच्या जागा यंदाही बोली लावून द्याव्यात, असे पालकसभेत बहुमताने ठरत आले आहे. माझे मत वेगळे आहे. ते सभेत दोन मिनिटांत मांडता आले नाही, म्हणून येथे लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला गेलो होतो. एका शनिवारी त्याने कॅम्डेन लॉकच्या बाजारात नेले. रीजंट्स कालव्याच्या काठी हा बाजार भरतो. कालवा पूर्ण झाला १८२० साली. काठावरून घोडे दोर ओढीत चालायचे आणि मालाच्या होड्या मागून यायच्या. पुलाच्या लोखंडी कडेवर त्या दोरांनी पाडलेल्या खाचा आजही बोट घालून पाहता येतात. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला पाण्याचा हौद. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी सोडायचे, की होडी खालच्या पातळीवर उतरते. दरवाज्याची लांबच लांब तुळई पाठीने रेटताना मी लोकांना पाहिले. आमची सौ. तिथून हलायलाच तयार नव्हती.

पण मला जास्त मोलाची वाटली ती बाजाराची जन्मकथा. रेल्वे आणि मोटारींपुढे कालव्याची वाहतूक संपली, काठची लाकडाची वखार ओस पडली. त्या भागातून मोठा मोटाररस्ता जाणार अशी योजना होती, त्यामुळे पक्के बांधकाम करायला कोणी धजेना. जागा स्वस्तात मिळू लागली आणि कारागीर तिथे येऊन बसले. रस्त्याची योजना शेवटी बारगळली; १९७४ मध्ये हस्तकलांचा छोटासा बाजार सुरू झाला. पुढे त्याचे नाव झाले, गर्दी झाली, भाडे चढले. आज तिथे खाण्याच्या गाड्या आणि छापील टी-शर्ट यांचीच चलती आहे. हाताने काही घडवणारा माणूस शोधावा लागतो. ज्यांच्यामुळे बाजार नावारूपाला आला, त्यांनाच तो परवडेनासा झाला.

हे इंदूरच्या शाळेच्या पत्रिकेत कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या मेळ्यात गेल्या काही वर्षांत काय विकले गेले ते आठवा. प्लास्टिकची खेळणी, तयार राख्या, पाकिटातले खाद्य. बोलीत जागा घेणारा माणूस तेच विकणार, त्याला पैसे काढायचे असतात. त्याचा दोष नाही. पण आपल्याच शहरात चामड्याची खेळणी होतात, त्यांना भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळाली आहे. तारेचा सांगाडा, आत कागद-गवताचे भरण, वरून चामडे ताणून बसवलेला सिंह किंवा घोडा. आपल्या किती मुलांनी तो घडताना पाहिला आहे? त्या कारागिराने बोलीत उतरावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

महेश्वरचा माग आणि धार जिल्ह्यातला बाग छपाईचा ठसा, दोन्ही आपल्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर. कॅम्डेनच्या बाजाराला कालव्याचे पाणी फक्त शोभेचे आहे. बागच्या कापडाला नदी लागतेच. हिरड्यात बुडवलेल्या कापडावर तुरटीचा आणि लोखंडाच्या गंजाचा ठसा उमटवतात, मग वाहत्या पाण्यात धुतात, नंतर तांब्याच्या कढईत धावड्याच्या फुलांसह उकळतात, तेव्हा कुठे लाल-काळा रंग उघडतो. आठवी-नववीच्या रसायनशास्त्राचा याहून चांगला तास मला तरी माहीत नाही. (विज्ञानाच्या बाईंनी रागावू नये.)

बोलीचे पैसे शाळेच्या निधीत जातात, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. त्यातून गरजू मुलांची फी भरली जाते. म्हणून सगळ्याच जागा मोफत द्या असे मी म्हणत नाही. बोली चालू द्या, पण फाटकाजवळच्या दोन जागा बोलीतून काढा. एक चामड्याच्या खेळण्यांसाठी, दुसरी छपाईसाठी. भाडे नाही, येण्याजाण्याचा खर्च शाळेचा, विक्रीचे सगळे पैसे कारागिराचे. अट एकच: त्याने बसून काम करायचे आणि मुलांना हात लावू द्यायचा. दोन जागांची तूट भरून काढायला पालकांनी पाससाठी थोडे अधिक मोजावे. आम्ही आजी-आजोबा मंडळी सुरुवात करू.

"लोक नुसते पाहून जातात, घेत कोणी नाही," असेही एक गृहस्थ म्हणाले. मोठा घोडा कोणी चटकन घेणार नाही, हे कबूल. पण छोटे रुमाल, पिशव्या, बोटभर हत्ती आधीच सांगून करवून घेतले तर मुलांच्या खाऊच्या पैशांत बसतील. त्यासाठी मेळ्याच्या निदान दोन महिने आधी जाऊन भेटायला हवे. तांब्याची कढई आणि नदी काही पटांगणात येणार नाही, पण ठसे, रंगाचे तबक आणि छपाईचा पाट येऊ शकतो. बागला जायला माझी तयारी आहे. सोबत कलाशिक्षकांपैकी कोणी आले तर पुढच्याच रविवारी निघू.