वाढवली आणि घटली

आपल्या मंडळात कथा-कवितांचं वाचन नेहमी होतं. माझं म्हणणं असं की कधीतरी शेअर बाजारातल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवालही वाचायला घ्यावा. हसू नका. आम्ही कॉमर्सवाले त्यातले तक्ते बघतो. पण तक्त्यांच्या आधी पानंच्या पानं गद्य असतं, आणि त्याला भाषेची जाण असलेला वाचक लागतो.

या गद्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे व्यवस्थापनाने केलेली चर्चा आणि विश्लेषण. धंदा कसा चालला, संधी कुठे, धोके कोणते, हे सेबीच्या नियमांनुसार द्यावंच लागतं. तो वाचताना क्रियापदांवर नजर ठेवा. चांगल्या वर्षी 'आम्ही विक्री वाढवली'. वाईट वर्षी 'विक्री घटली', जणू आपली आपणच! शाळेत पाठ केलेलं प्रयोजक क्रियापद इथे बहुधा नफ्याच्या वर्षीच भेटतं.

२०१८ मध्ये सेबीने नियमात भर घातली. काही ठरावीक गुणोत्तरं वर्षभरात २५ टक्के किंवा जास्त बदलली, तर सविस्तर कारण द्यायचं. त्यातलं एक गुणोत्तर उधारी किती वेगाने वसूल होते ते सांगतं. ते घसरलं म्हणजे माल गेला, पैसा अडकला. का अडकला? एखादं मोठं गिऱ्हाईक बुडीत निघालं, की मार्चअखेर आकडा फुगवायला वाटेल त्याला उधार दिलं? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि उत्तर काय छापतात, तर 'येणी वाढल्यामुळे'. ताप का आला, तर अंग गरम झालं म्हणून! नियम पाळला, कारण मात्र दिलंच नाही.

सत्यमचं काय, असं हैदराबादेत कुणीतरी विचारणारच. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात रामलिंग राजूंनी कबूल केलं की ५,०४० कोटींची दाखवलेली शिल्लक अस्तित्वातच नाही. तिथे आकडेच खोटे होते. गद्य वाचून ते पकडता आलं असतं असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार खऱ्या आकड्यांभोवती गुंडाळलेल्या पोकळ शब्दांची आहे. त्यात कायदा मोडलेला दिसत नाही, म्हणून कुणी जाबही विचारत नाही. आणि याच मजकुरावर विसंबून आपल्या घरातले आजोबा, मावशी शेअर ठेवायचा की विकायचा हे ठरवतात, संचालकांच्या फेरनेमणुकीवर मत देतात.

अमेरिकेच्या बाजार नियामकाने १९९८ मध्ये सोप्या इंग्रजीची पुस्तिका काढली. तिच्या प्रस्तावनेत वॉरन बफे सांगतात की अहवाल लिहिताना ते आपल्या बहिणींना डोळ्यांसमोर ठेवतात. हुशार, पण हिशेबातल्या तज्ज्ञ नव्हेत. आपल्याकडे बहुतेक अहवाल वकिलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले वाटतात.

सेबीने एवढं करावं: गेल्या वर्षी पुढचं म्हणून जे सांगितलं होतं, त्याचं काय झालं, हे त्याच भागात लिहायला लावावं. तोवर हे काम आपणच करू. एका कंपनीचे लागोपाठचे दोन अहवाल घ्यायचे, हाच भाग शेजारी-शेजारी ठेवायचा आणि गेल्या वर्षीचं कोणतं वाक्य यंदा गुपचूप गळलं ते शोधायचं. अहवाल कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुढच्या बैठकीला दोन घेऊन येतोय.