सदतीस कलमे आणि सतरा अंकी आकडा



मृगाच्या तोंडावर शेजारच्या वहिनींनी हापूसची कलमे आणली. मोजली तर सदतीस. त्यांचा मुलगा दोरी घेऊन रांगा आखायला बसला. तीन-तीनच्या, चार-चारच्या, सहा-सहाच्या रांगा लावून पाहिल्या. दर वेळी एक कलम उरायचेच! शेवटी वैतागून म्हणाला, "काका, मला गणित येतच नाही. दहावीत गटांगळी खाणार मी."

म्हटले, "अरे, चूक तुझी नव्हे, सदतीसाची. छत्तीसाच्या सारख्या रांगा होतात. सदतीसाला एक आणि स्वतः सदतीस यांखेरीज कशानेच भाग जात नाही. अशा आकड्याला मूळ संख्या म्हणतात. बाकीचे सगळे आकडे या मूळ संख्यांच्या गुणाकारानेच बनतात."

मग पडवीत बसून नऊ एकांची संख्या लिहिली आणि तिला तिनेच गुणायला लावले. १११११११११ गुणिले १११११११११. उत्तर आले १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१! एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि परत एकपर्यंत उतरायचे. एकं, दहं, शतं म्हणत गेलात तर पहिला अंक 'मध्य' या सतराव्या स्थानी येतो; परार्ध एकच पायरी वर.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. मुंबईजवळच्या डेमलो नावाच्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला साधे शाळामास्तर होते. काहींना त्यांचे काम पोरखेळ वाटे. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या विज्ञान मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. विद्यार्थिदशेत, १९२७ साली, त्यांना गणिताचे जे पारितोषिक मिळाले, ते रँग्लर परांजपे यांच्या नावाचे. हे परांजपे आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळवला होता.

आता या आकड्याचे मूळ अवयव कसे काढायचे? आधी नऊ एकांचीच संख्या फोडू. अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नवाने भाग जातो. उरतात १२३४५६७९, यात आठ गायब! याला सदतीसाने भाग जातो. हो, आपल्या कलमांच्याच सदतीसाने. उरले ३३३६६७. ही मूळ संख्या आहे का, हे ठरवायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. त्यापुढे जायची गरज नाही, कारण पुढची मूळ संख्या ५८७, आणि तिचा वर्गच ३३३६६७ च्या वर जातो.

अशा मूळ संख्या एकशेसहा. पोराने वहीत चार रात्री भागाकार केले. एकानेही भाग गेला नाही. म्हणजे ३३३६६७ मूळच. आपला सतरा अंकी आकडा नऊ एकांचा वर्ग, म्हणून प्रत्येक अवयव दुप्पट वेळा घ्यायचा: चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७.

"याचा उपयोग काय?" वहिनींनी विचारले. मोबाइलवरून पाठवलेले पैसे सुरक्षित जावेत म्हणून जी गणिती कुलपे वापरतात, त्यांतले एक १९७७ साली तीन संशोधकांनी शोधले. त्याचे मर्म एवढेच: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण उत्तरावरून त्या दोन परत शोधणे महाकठीण.

पण मला त्याहून मोठा उपयोग दिसला. ज्याला गणित येत नव्हते, त्याने कुणी न सांगता एकशेसहा भागाकार केले! गणिताला बुद्धी लागते तशी चिकाटीही लागते, आणि ती शेतकऱ्याच्या घरात कमी नसते.

कलमांचे म्हणाल, तर सहा-सहाच्या सहा रांगा लागल्या आणि सदतीसावे विहिरीपाशी.

तुमच्या मुलांसाठी कोडे: सात एकांच्या संख्येचे, ११११११११ नव्हे, ११११११११ मधला एक एक कमी, म्हणजे ११,११,१११ चे मूळ अवयव दोनच आहेत. शोधा पाहू! (उत्तर: २३९ आणि ४६४९.)