झाकणाचे छिद्र

गेल्या उन्हाळ्यात मोटारसायकलने पेडण्याहून डिचोलीस निघालो होतो, मागे सौ. बसली होती. धारगळपर्यंत गाडी सुरळीत चालली. कोलवाळच्या पुलावर मात्र, वेग स्थिर असताना, तिचा जोर अकस्मात ओसरला आणि सायलेन्सरमधून बंदुकीच्या बारासारखे आवाज निघू लागले. मागून भरधाव ट्रक येत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली. पाच मिनिटांनी ती निमूटपणे सुरू झाली. थोड्या अंतरावर पुन्हा तेच!

पुढे एकाने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्बुरेटर धुतला. गुण आला नाही. अखेर डिचोलीच्या एका वृद्ध मेस्त्रींनी टाकीचे झाकण उघडले. ‘सुस्स’ करून हवा आत शिरली. “सर, टाकीचा श्वास कोंडलाय,” ते म्हणाले.

पेट्रोल जितके खाली उतरते, तितकी हवा झाकणाच्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. तांबड्या धुळीने ते बुजले, की पेट्रोलची धार मंदावते. सावकाश जाताना उणीव जाणवत नाही. वेगात मात्र मिश्रणात पेट्रोल अपुरे पडते, ते नीट पेटत नाही आणि उरलेला अंश तापलेल्या सायलेन्सरमध्ये भडकतो.

तेव्हा वाचकहो, असे घडल्यास इंजिन बंद करून, आसपास विस्तव नाही हे पाहून, प्रथम झाकण उघडावे. त्याने गाडी सुधारली, तर छिद्र साफ करावे. अन्यथा टाकीच्या तोटीची जाळी, मग कार्बुरेटरचे जेट, त्यानंतर प्लग व विजेच्या तारा तपासाव्यात. खर्चाचा उपाय शेवटी.