वर्षें वाया गेलीं काय?

गेल्या महिन्यांत आम्ही भंडाऱ्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं चहाला बसलों होतों. त्यांचा नातू कॉलेजांत असतांना क्रिकेट चांगलें खेळे. पुढें वरच्या संघांत त्याची निवड झाली नाहीं. आतां तो गांवांतील मुलांना खेळ शिकवूं इच्छितो. आजोबा म्हणाले, "ज्याला स्वतःला जमलें नाहीं, तो दुसऱ्यास काय शिकविणार? इतकीं वर्षें वाया गेलीं." मुलगा मान खालीं घालून उठून गेला, सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलें. आमचा सारा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला, त्यामुळें तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना.

श्री. चंद्रकांत पंडित ह्यांचें उदाहरण ह्या बाबतींत पाहण्यासारखें आहे. मुंबईस रमाकांत आचरेकर ह्यांच्या हाताखालीं ते तयार झाले आणि १९८६ सालीं भारताच्या कसोटी संघांत आले. परंतु यष्टिरक्षकाची जागा एकच, आणि ती बहुतेक किरण मोरे ह्यांच्याकडे राहिली. १९९२ पर्यंत पंडितांच्या वांट्यास अवघे ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने आले. पुढें ते मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९९ सालीं बंगलोरास रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत ते कर्णधार होते. पहिल्या डावांत आघाडी मिळूनहि त्यांचा संघ कर्नाटकाकडून हरला. आजोबांच्या न्यायानें हिशेब येथेंच मिटला.

पण पंडित शिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं मुंबईनें तीनदां करंडक जिंकला. आपला विदर्भ १९५७-५८ पासून ह्या स्पर्धेंत खेळत होता, तरी साठ वर्षांत अंतिम सामन्यापर्यंत एकदांहि पोंचला नव्हता. पंडित आले, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं इंदुरास विदर्भानें दिल्लीस नऊ गडी राखून हरविलें. त्या सामन्यांत लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद करणारा रजनीश गुरबानी हा अभियांत्रिकीचा पदवीधर, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. दुसऱ्या वर्षीं नागपुराजवळ जामठ्यास करंडक पुन्हा विदर्भाकडेच राहिला. आणि जून २०२२ मध्यें, बंगलोरच्या त्याच मैदानावर, पंडितांच्या शिकवणीखालीं मध्य प्रदेशानें मुंबईस हरविलें. तेवीस वर्षांपूर्वीं कर्णधाराच्या हातून निसटलेला करंडक शिष्यांनीं गुरूच्या हातीं दिला.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाचा वाद लागतो, तेव्हां शिष्यांचा प्रयोग पाहून निर्णय करावा असें ठरतें. शिक्षकाची खरी परीक्षा तीच.

मात्र नातवासहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे. खेळांत अपयश आलें एवढ्यानें कोणी शिक्षक होत नाहीं. शिकविणें ही निराळी विद्या आहे; ती स्वतंत्रपणें शिकावी लागते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेंत प्रशिक्षकांसाठीं पदविकेचा रीतसर अभ्यासक्रम आहे. पंडितांची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध आहे. ती आधीं स्वतःस लावून घ्यावी. पदवी पुरी करावी, आणि आपलें राहिलेलें स्वप्न शिष्यांच्या डोक्यावर लादूं नये.

आजोबांस आमची विनंति एवढीच कीं, एका रविवारीं त्यांनीं मैदानावर जाऊन बसावें. नातू कसा खेळतो हें पाहूं नये. त्यानें शिकविलेलीं मुलें कशीं खेळतात तें पाहावें, आणि मग हिशेब मांडावा.