पेढीवरचा गेमिंग लॅपटॉप

पिंपळवंडीसारख्या गावात दिवसा पेढीवर हिशेब आणि जीएसटी, रात्री घरी मुलाचे त्रिमितीय आराखडे, अशी दोन्ही कामे एकाच यंत्राकडून हवी असतील, तर डेस्कटॉपऐवजी गेमिंग लॅपटॉप घेणे रास्त आहे. केवळ हिशेबासाठी घेणे मात्र अनर्थदंडच. टॅलीला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

चिपच्या नावाला भुलू नये. आरटीएक्स ४०६० या एकाच लॅपटॉप-चिपला कुठे ३५ वॅट मिळतात, कुठे ११५. वेगातला फरक तेथेच पडतो, आणि हा आकडा विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो. पातळ, देखण्या यंत्रापेक्षा जाड, हवेशीर यंत्र बरे. वीज गेल्यावर बॅटरीवर हिशेब खुशाल चालेल. आराखड्यांचे काम मंदावेल, कारण पूर्ण शक्ती चार्जर जोडलेला असतानाच मिळते. कांद्याच्या वखारीची धूळ पंख्यांत साचते, म्हणून जाळ्या वरचेवर साफ कराव्यात. रॅम किमान १६ जीबी असावी. ती पुढे वाढविता येते का, हे आधीच विचारावे, कारण काही लॅपटॉपांत ती बोर्डालाच पक्की जोडलेली असते.

पेढीवर २४ इंची वेगळा पडदा ठेवावा. लॅपटॉपवर दिवसभर वाकून खतावणी पाहिली की मान धरते, आणि घरातील ज्येष्ठांना तर ती बारीक अक्षरे दिसतच नाहीत.