जुन्या गाडीला नवे चाक

जुन्या मोटारसायकलीला नव्या मॉडेलची अलॉय चाके बसवण्याची हौस अनेकांना असते. पण चाक फोर्कमध्ये शिरले म्हणजे ते बसले, असे नव्हे.

पल्सरचेच पाहा. २००५ च्या मॉडेलला १८ ऐवजी १७ इंची अलॉय चाके आली. चाकाचा घेर बदलला, की पुढच्या चाकावरून चालणारा स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. म्हणून खरेदीपूर्वी एक्सलची जाडी, बेअरिंग, स्पेसर आणि डिस्कचा व्यास जुळवून घ्यावा. डिस्क कॅलिपरच्या मधोमध फिरली पाहिजे. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती झिजली असेल, तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. डिस्कबरोबर ब्रेक पॅडही नवेच घालावेत.

१२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. अशा गाडीच्या चाकावर सेन्सरसाठी एक खाचांचे कडे असते. जुन्या चाकावर ते नसते. ते चाक बसवल्यास एबीएस बंद पडते आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबताच चाक जाम होऊन गाडी घसरू शकते.

काम झाल्यावर ब्रेकची लिव्हर कडक होईपर्यंत दाबावी, मगच गाडी हळू चालवून पाहावी. मागे बसणाऱ्याचा जीवही त्याच डिस्कवर अवलंबून असतो.