तिरंग्यावरचे चक्र : दावा किती आणि पुरावा किती

ऑगस्ट जवळ आला की आपल्या ग्रुपवर एक मजकूर न चुकता फिरतो : 'तिरंग्यावर अशोकचक्र बाबासाहेबांनी आणले.' खाली निळे हृदय, जय भीम, पुढे पाठवा. त्यामागोमाग दुसरा येतो, २४ आऱ्यांचे २४ सद्गुण सांगणारा. पहिल्या मजकुरावर कुणीतरी पुरावा मागतो आणि आपली पोरे अडकतात. वास्तविक अडकण्याचे कारण नाही. जे कागदावर आहे तेच पुरेसे वजनदार आहे.

२३ जून १९४७ रोजी ध्वजासाठी एक तात्पुरती समिती नेमली गेली. अध्यक्ष राजेंद्र प्रसाद. सदस्यांमध्ये मौलाना आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, क. मा. मुन्शी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. म्हणजे ज्या खोलीत निर्णय झाला त्या खोलीत बाबासाहेब होते, हे छातीठोकपणे सांगावे. 'एकट्याने आणले' असे मात्र सांगू नये. तसे सिद्ध करता येत नाही, आणि एक फुगवलेला दावा कोसळला की शेजारचा खरा दावाही लोक खोटा धरतात.

२२ जुलैला नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला. त्याची शब्दरचना लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर गडद निळे चक्र असेल आणि ते चरख्याचे प्रतीक असेल, असे ठराव म्हणतो; आणि लगेच पुढे म्हणतो की त्याचा आकार सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरील चक्राचा असेल. अर्थ चरख्याचा, रूप सारनाथचे! नेहरूंनी व्यावहारिक कारणही दिले. चरखा दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही, झेंडा उलटला की चाती दुसऱ्या टोकाला जाते. चाक कुठूनही सारखेच. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. या झेंड्याशी अशोकाचे नाव जोडले जात आहे याचा आनंदही त्यांनी सभागृहात बोलून दाखवला. ह. वि. कामत यांनी चक्राच्या आत स्वस्तिक असावे अशी दुरुस्ती सुचवली होती, ती त्यांनी मागे घेतली. ती स्वीकारली गेली असती तर आज आपण कोणत्या झेंड्याखाली उभे असतो, याचा विचार कधीतरी करून पाहावा.

गांधीजींना हा बदल रुचला नव्हता, आणि ते त्यांनी लपवले नाही. चरखा गेला तरी खादी राहिली. २००२ च्या ध्वजसंहितेतही झेंडा हातकताई-हातविणीचाच हवा होता. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेला आणि पॉलिस्टरचा झेंडाही चालू झाला, आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आले. ठरावात चरख्याला दिलेला अर्थ कापडातून असा हळूच ऐच्छिक झाला. त्यावर खादीवाल्यांनी आवाज उठवला, आपण फारसे बोललो नाही. 'तो गांधींचा विषय' म्हणून सोडून दिला असेल. पण सूत कातणारे, विणणारे हात कुणाचे, हे आपल्याला तरी वेगळे सांगायला नको.

आता आरे. ठरावात २४ हा आकडा नाही. तो सारनाथच्या त्या चक्रातून आला. हत्ती, बैल, घोडा आणि सिंह यांच्यामध्ये कोरलेल्या चार चक्रांना २४ आरे आहेत. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या अनुलोम आणि बारा प्रतिलोम, असा अर्थ आपल्याकडे सांगतात. तो सुंदर आहे, जरूर सांगावा, पण आपण लावलेला अर्थ म्हणून. २४ सद्गुणांच्या यादीला तर तेवढाही आधार नाही.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरेच चक्र. बौद्ध परंपरेत चक्र दोन ठिकाणी येते : तथागतांनी सारनाथला फिरवलेले धम्मचक्र आणि धम्माने राज्य करणाऱ्या चक्रवर्ती राजाचे चक्र. राज्याच्या झेंड्याशी दुसऱ्याचा संबंध थेट आहे. दीघनिकायातल्या चक्कवत्ति सीहनाद सुत्तात म्हातारा राजा गादी सोडतो आणि सातव्या दिवशी चक्र नाहीसे होते. मुलगा घाबरतो. त्याला सांगितले जाते, हे चक्र बापाची मिळकत नाही, वागणुकीने मिळवावे लागते. पुढच्या पिढ्यांत एक राजा बाकी सगळे करतो, फक्त निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते, चोरी सुरू होते. पहिल्या चोराला राजा पैसे देतो. ते ऐकून आणखी लोक चोरी करतात, तेव्हा तो मुंडकी उडवायला लागतो. मग शस्त्रे, खून, खोटे बोलणे, माणसाचे आयुष्यच घटत जाणे. सुत्ताने या सगळ्याचे मूळ चोराच्या स्वभावात शोधलेले नाही, राजाच्या तिजोरीत शोधले आहे.

त्यामुळे 'चक्र आमचे आहे' एवढे म्हणून आपल्याला थांबता येत नाही. वारसा म्हणून ते राजपुत्रालाही मिळाले नाही, आपल्याला कसे मिळेल? आणि ज्या राज्याने ते झेंड्यावर घेतले, त्याला या सुत्ताची मोजपट्टी लावण्याचा अधिकार मात्र आपल्याला नक्कीच आहे.

ती लावायला दिल्लीला जावे लागत नाही. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर गावोगाव ग्रामसभा असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. ग्रुपवर मजकूर पुढे ढकलण्याआधी त्या सभेत उठून विचारा : गेल्या वर्षी ही रक्कम किती होती, कशावर खर्च झाली, नोंदवही कुठे आहे? उत्तर लेखी मागा.